लंकेकडे पाठ करून

खांबेट्यांच्या शोकसभेत परवा जे बोलले गेले, त्यात त्यांचे नाव तेवढे खरे होते. बाकीचा माणूस मस्कतच्या अझैब्यातल्या त्या सभागृहात, समोशांच्या ताटल्या आणि चहाच्या कागदी पेल्यांच्या साक्षीने, नव्याने तयार करण्यात आला. मी तिसऱ्या रांगेत बसून ते पाहत होतो. मस्कतमध्ये मी जितकी वर्षे काढली आहेत, तितके त्या दिवशीच्या निम्म्या वक्त्यांचे वयही नसेल. तरी मला कोणी बोलायला सांगितले नाही. कारण उघड आहे. मी बोललो असतो.

प्रथम येथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष बर्वे उठले. खांबेटे म्हणजे श्रीलंकेच्या इतिहासाचे चालतेबोलते विद्यापीठ होते, असे त्यांनी सांगितले. बर्वे त्या बेटावर एकदाच गेले आहेत, आणि सिगिरियाचा प्रचंड खडक त्यांनी पायथ्याच्या टपरीवर शहाळे पीत खालून पाहिला आहे. विद्यापीठाची परीक्षा घेण्याचा त्यांचा अधिकार एवढाच. त्यांच्यानंतर सौ. दळवी आल्या. "खांबेटेकाकांनी आम्हाला बघायला शिकवलं," असे म्हणून त्यांनी डोळे पुसले. जंगलातला बिबट्या सर्वांच्या आधी काकांनाच दिसला होता. काकांचा आवाज कधी चढला नाही. आणि सहलीला आलेल्या गावंडेच्या आईला तर त्यांनी त्या माउलीच्या मनातले ओळखून मुद्दाम सीतेच्या देवळात थांबू दिले होते. सभा हळहळली. शेवटी, खांबेटे दरवर्षी नेत ती लंकेची सहल पुन्हा सुरू करून तिला त्यांचे नाव द्यावे आणि एक स्मरणिका काढावी, असे ठरले. जाताना बर्वे माझ्या खुर्चीपाशी थांबले.

"पाटणकरसाहेब, तुमचं एक पान हवं. पण गोड लिहा."

"मधुमेह आहे मला," मी म्हणालो.

हे सगळे चालू असताना समोरच्या पांढऱ्या पडद्यावर, पुण्याहून जोडल्या गेलेल्या नलिनीवहिनी दिसत होत्या. खांबेट्यांच्या पत्नी. नवऱ्याची एवढी स्तुती ऐकताना बाईचा चेहरा उजळायला हवा. वहिनींचा चेहरा वाक्यागणिक लहान होत होता. हे माझ्याखेरीज कोणाच्या लक्षात आले नाही, कारण बाकीचे पडद्याच्या कोपऱ्यात आपण कसे दिसतो ते पाहत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"भावोजी, एक विचारू? खरं सांगाल म्हणून तुम्हालाच विचारते. बाकीचे सगळे चांगले आहेत."

या वाक्याचा अर्थ मला कळला, आणि तो मला मान्य आहे.

"दरवर्षी ते परत आले की मी विचारायची, काय पाहिलंत? तर सांगायचे, दळव्यांच्या मुलाला बस लागली, बर्व्यांचं पोट बिघडलं, अमक्याची चप्पल तमक्या पायरीवर तुटली. एक डोंगर सांगितला नाही हो मला कधी. एक देऊळ नाही. मला घाटातली बस सोसत नाही म्हणून मी कधी गेले नाही. तर म्हटलं, असू दे, नसेल सांगता येत एखाद्याला. आणि परवा ऐकते तर काय, तासन्‌तास सांगायचे म्हणे. चित्रं, राजे, हत्ती. सगळ्या मस्कतला सांगितलं, आणि मला तेवढं नाही?"

मी बोलू लागलो, तर त्यांनी मध्येच थांबवले. "तोंडी नको. तोंडी कोणीही समजूत घालतं. लिहून पाठवा. आणि लिहिलेला माणूस माझ्या ओळखीचा असू द्या."

वहिनींना पाठवायचे आणि स्मरणिकेला द्यायचे ते हे एकच; बर्व्यांना गोड पान मिळणार नाही. खांबेट्यांनी त्या बेटावर काहीही पाहिले नाही, हे मला येथे सिद्ध करायचे आहे. मी त्यांच्याबरोबर तीनदा लंकेला गेलो. पहिल्यांदा माझ्या पत्नीच्या आग्रहाने, नंतर दोनदा, खोटा इतिहास सांगणाऱ्याला टोकायला कोणीतरी हवे म्हणून. तेव्हा साक्षीदार मी आहे, सौ. दळवी नव्हेत.

खांबेटे मस्कतच्या बाजारपेठेत, रुवीतल्या एका वातानुकूलन यंत्रांच्या कंपनीत भांडारप्रमुख होते. बुटके, मानेला जाड, चालताना छाती एक पाऊल पुढे. भांडारात वर्षानुवर्षे माल मोजून त्यांची जगाकडे पाहण्याची एक रीत झाली होती. खोके उघडायचे नाही. वरची चिठ्ठी पाहायची, आकडा घ्यायचा, पुढे सरकायचे. आत कॉम्प्रेसर आहे की वीट, हा प्रश्न भांडारप्रमुखाचा नसतो. हीच रीत त्यांनी माणसांना लावली. सहलीला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो बँकेतला अधिकारी असो की शाळेतली बाई, ते एकाच रंगाची निळी टोपी देत, आणि स्वतःही तीच घालत. भडक निळी, हॉटेलात गाद्या बदलणाऱ्यांच्याही डोक्यावर न खपणारी. आणि मग ते टोप्या मोजत. "मी चेहरे बघत बसलो तर दिवस जाईल," असे ते मला अभिमानाने म्हणाले होते. "टोपी लांबून दिसते. टोप्या पुऱ्या, की माणसं पुरी."

गळ्यात शिटी. तोंडात दोन वाक्ये. एक, "यल्ला," म्हणजे अरबीत "चला", आणि दुसरे, "आधी मोजू द्या, मग बघा." हे दुसरे वाक्य त्यांनी जगातल्या अत्यंत सुंदर स्थळांसमोर उच्चारलेले मी ऐकले आहे.

सहलीच्या आधीच्या शुक्रवारी ते सर्वांना कुरुमच्या बागेत सकाळी बोलावत आणि टोप्या घालून रांगेत चालवत. शिटी वाजली की थांबायचे, दोनदा वाजली की बसमध्ये चढल्यासारखे करून बाकांवर बसायचे. उन्हाळा असे, सकाळीच अंगाला चिकटा येई. बागेत पळायला आलेले लोक आमच्याकडे वळून वळून पाहत. मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसे एका भांडारप्रमुखाच्या शिटीवर उठत-बसत, आणि त्यातले काही तर दुसऱ्या शिटीला जागा पकडायला धावत. मी पहिल्या वर्षी बाकावर बसण्यास नकार दिला.

"पाटणकर, बसा. बस निघेल."

"खांबेटे, हा बाक आहे."

"तिथे हेच कराल तुम्ही. बस सुटेल आणि तुम्ही म्हणाल, हा बाक होता."

काही लोक हसले. मी बसलो नाही. आता ज्यांना त्यांचा सौम्य आवाज आठवतो, त्यांनी कुरुमच्या त्या बागेला विचारावे.

आता त्यांची विद्वत्ता. सिगिरिया हा रानातून एकदम उभा राहिलेला खडक आहे. त्याच्या माथ्यावर कश्यप नावाच्या राजाने राजवाडा बांधला; हा बापाला मारून गादीवर आलेला होता आणि भावाच्या भयाने त्या उंचीवर जाऊन राहिला. अर्ध्या चढावर खडकाच्या कुशीत स्त्रियांची चित्रे आहेत. हातात फुले, चेहऱ्यावर अशी काही तंद्री, की बघणारा आपण होऊन हळू बोलू लागतो. चढाच्या तोंडाशी उभे राहून खांबेट्यांनी शिटी वाजवली आणि सांगितले, "हा रावणाचा महाल. इथून त्याचं विमान उडायचं."

मी तेथल्या तेथे हरकत घेतली. शतक सांगितले, राजाचे नाव सांगितले, बापाचा खून सांगितला. खांबेटे शांतपणे ऐकून घेत होते, असे मला वाटले. ते टोप्या मोजत होते.

"झालं तुमचं?" ते म्हणाले. "तुमचा तो कश्यप कोणाला माहीत आहे? रावण म्हटलं की पोरं उत्साहाने चढतात. कश्यप म्हटलं की पाणी मागतात."

आणि चित्रांच्या दालनात, त्या अरुंद लोखंडी जिन्यावर, ते चित्रांकडे पाठ करून जिन्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले. शेवटची टोपी वर येईपर्यंत. ती आली तशी "यल्ला, उतरा." वहिनी, त्या चित्रांतील एका स्त्रीचेही नाक त्यांनी पाहिलेले नाही. ते तुम्हाला काय सांगणार होते?

पोळोन्नरुवाला तर त्यांच्या या पाठमोरेपणाची सरकारी नोंद व्हायची राहिली. तेथे एकाच अखंड कातळातून कोरलेला आडवा बुद्ध आहे. उशीवर टेकलेला हात, मिटते डोळे, आणि डोक्याच्या भाराने उशीला पडलेला खोलगट दाब, दगडात कोरलेला. त्या देशात बुद्धाकडे पाठ करून छायाचित्र काढणे हा अपमान समजला जातो, आणि तशी पाटीही तेथे आहे. खांबेटे बुद्धाकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून, हात वर करून उभे राहिले. रखवालदाराने शिटी वाजवली. खांबेट्यांनी, ही आपल्याच समूहातील कोणाची तरी आगळीक असे समजून, उलट शिटी वाजवली. रखवालदार धावत आला.

"सर, नो बॅक टु बुद्धा. प्लीज टर्न."

"नो फोटो," खांबेटे म्हणाले. "ओन्ली काउंटिंग."

"सर, टर्न."

"टू मिनिट्स. दोन टोप्या कम है."

रखवालदाराने त्यांना खांद्याला धरून फिरवले. मला वाटले, आता तरी हा गृहस्थ पाहील. खांबेटे बुद्धाकडे तोंड करून उभे राहिले आणि मान वळवून खांद्यावरून आमच्या टोप्या मोजू लागले. मी पुष्कळ अरसिक पाहिले आहेत. परंतु अरसिकांनाही समोर काय आहे ते दिसते. ते फक्त त्यांना आवडत नाही. खांबेट्यांचे प्रकरण निराळे होते.

राहिला बिबट्या. बिबट्या मला दिसला. हे मी लेखी नमूद करून ठेवतो, कारण सौ. दळवी आता वाटेल ते सांगू लागल्या आहेत. याला नावाच्या जंगलात संध्याकाळच्या सुमारास आमची जीप एका पाणवठ्यापाशी थांबली. आडव्या फांदीवर तो पसरला होता, चारही पाय खाली सोडून, शेपटीचे टोक तेवढे हलत. मी बोट दाखवले. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. दळव्यांचा मुलगा, जो मस्कतपासून भ्रमणध्वनीतून मान वर न काढता आला होता, तोही "आई, लुक" म्हणाला. खांबेटे चालकाच्या मागे, आमच्याकडे तोंड करून, दांडीला धरून उभे होते. बिबट्या त्यांच्या पाठीमागे होता.

"खांबेटे, मागे बघा," मी कुजबुजलो.

"सगळ्यांना दिसला ना?" त्यांनी विचारले. "दळवीवहिनी, तुम्हाला? बर्वे? हात आत. मुलाला आत घ्या. कोणाला दिसला नाही असं नाही ना?"

"तुम्हाला दिसला नाही."

"माझं राहू द्या. यल्ला, चला."

जीप निघाली. त्यांनी मान वळवली, तेव्हा फांदी रिकामी होती. सौ. दळवींच्या स्मरणात खांबेटे बोट दाखवून उभे आहेत. ते बोट माझे होते.

आता गावंडेच्या आईची हकीकत. हीच खरी तर फिरवली गेली आहे, आणि तिच्यासाठीच मी हे सगळे लिहायला बसलो.

ही सहल ईदच्या सुटीत निघे. ईदची तारीख चंद्र ठरवतो, आणि ओमानचा चंद्र शेजाऱ्यांच्या चंद्रावर अवलंबून नाही. येथले लोक आपल्या डोळ्यांनी पाहतात. दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर परवा. शेजारच्या देशात सण सुरू झाला आणि येथे अजून एक रोजा, असे आम्ही पुष्कळदा पाहिलेले आहे. विमानाची तिकिटे मात्र आधी काढावी लागतात. येथे अनेक वर्षे राहिलेला शहाणा माणूस ती एक दिवस पुढची काढतो. खांबेट्यांनी ईदच्याच सकाळची काढली. म्हणजे त्यांच्या ईदच्या.

"चंद्र दिसला नाही तर?" मी विचारले.

"दिसेल."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पाटणकर, तुम्ही शंका काढा, मी तिकिटं काढतो."

चंद्र दिसला नाही. आम्हा बहुतेकांचे काही बिघडले नाही, कारण कार्यालये आधीच बंद झाली होती. बिघडले एका गावंडेचे. हा कणकवलीकडचा तरुण मुलगा रुवीत कपड्यांच्या एका दुकानात हिशेब पाहत असे. ईदच्या आदल्या दिवशी कोणताही अर्बाब, म्हणजे मालक, कपड्यांचे दुकान सोडू देत नाही, हे ज्याला कळत नाही त्याने रुवी पाहिलेली नाही. आणि आदला दिवस अचानक एकाने लांबला होता. त्याची आई त्याच्याकडे पाहुणी म्हणून आली होती आणि लवकरच परत जायची होती. विधवा बाई, सीतामाईला जिथे बसवून ठेवले होते ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची, एवढे एकच मुलाकडे मागितलेले. मुलाने तिला आपल्या हाताने तेथे नेऊन बसवायचे ठरवले होते. तो पहाटे विमानतळावर आला तो फक्त तिला सोडायला.

"काका, अर्बाब सोडत नाही. चाँद दिसला नाही, आज पण दुकान चालू. मागाहून यायला सीट पण नाही मिळत," तो खांबेट्यांना म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि ती असायला हवी होती. "आईचं जरा बघा. ती एकटी कुठे गेलेली नाही."

खांबेट्यांनी चुकल्याची कबुली दिली नाही. त्यांनी एक निळी टोपी काढून गावंडेच्या आईच्या पदरावर बसवली आणि ती दोन्ही हातांनी दाबून नीट केली. आम्ही सगळे तेव्हापासून त्या बाईंना मावशीच म्हणू लागलो.

"माझ्या टूरमध्ये माणूस हरवत नाही," ते म्हणाले.

नुवारा एलियाच्या थंड डोंगराळ मुलखात, रस्त्याच्या कडेला, ओढ्यालगत सीतेचे एक लहानसे रंगीत देऊळ आहे. ओढ्याच्या खडकावर खळगे आहेत. ती मारुतीची पावले मानतात. मी या विषयावर माझे मत राखून ठेवतो. आम्ही पोचलो तेव्हा बारीक पाऊस होता. आमचा तेथला वाटाड्या निमल, डोक्याला टक्कल पडलेला, अबोल गृहस्थ, छत्री आमच्यातल्या कोणाला तरी देऊन स्वतः भिजत उभा होता. मावशींना ते बघवले नाही. त्यांनी आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली. भाषेचा एक शब्द सामाईक नाही; त्याने नको म्हणायला हात जोडले, त्यांनी ते आशीर्वादासाठी समजून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हे मी पाहिले. त्याचा अर्थ त्या क्षणी माझ्या लक्षात आला नाही, कारण मोजण्याचे काम माझे नव्हते.

दोनदा शिटी वाजली. सगळे चढले. निमल नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर बसला. खांबेट्यांनी पुढे उभे राहून, आमच्याकडे तोंड करून, टोप्या मोजल्या. टोप्या पुऱ्या होत्या.

वळणावळणाच्या रस्त्याने पुष्कळ पुढे, चहाच्या एका कारखान्यात उतरल्यावर निमलने नमुन्याच्या चहाचा पेला खांबेट्यांपुढे धरला. खांबेटे पेल्याकडे पाहत होते. मग त्याच्या डोक्याकडे पाहू लागले.

"ही कोणाची?"

निमलने टोपी काढून त्यांच्या हातात दिली. "मदर," तो म्हणाला. "मदर गेव्ह."

खांबेट्यांचा चेहरा ओला चुना फासल्यासारखा झाला. मग ते ओरडू लागले. निमलवर ओरडले, चालकावर ओरडले, "एका बाईकडे लक्ष नाही तुमचं," असे आम्हा सर्वांवर ओरडले. निमल खाली मान घालून उभा राहिला. त्याची चूक एवढीच, की एका म्हातारीचा मान राखला. आवाज न चढवणारे खांबेटेकाका ते हेच. तुम्ही तेथे होतात, दळवीबाई. तुम्हीच म्हणालात, "बिस्किटं तरी घेऊन जा."

बस त्या रस्त्यावर चटकन वळवणे शक्य नव्हते. त्यांनी एक तीनचाकी थांबवली. मी न विचारता आत बसलो. एका खोट्या माणसाच्या तोंडून ही हकीकत पुढे जाऊ नये, अशी तेव्हापासूनच माझी खबरदारी होती. सारा वेळ ते चालकाला "फास्ट, फास्ट" म्हणत होते आणि मधेच "गावंडेला काय सांगू" असे स्वतःशी पुटपुटत होते.

मावशी ओढ्याकाठच्या पायरीवर बसल्या होत्या. आजूबाजूला चहाच्या मळ्यातल्या तीन-चार बायका, पाठीवरच्या टोपल्या उतरवून ठेवलेल्या. आणि मधे कागदावर मावशींच्या पिशवीतले लाडू. त्या बायका तमिळ बोलत होत्या, मावशी मालवणी, आणि कोणाचे काही अडलेले दिसत नव्हते.

"इतक्यात इलात?" मावशी म्हणाल्या. "माका वाटला, चाय पिऊन येतलात सगळे."

"मावशी, तुम्ही हरवला होतात," खांबेटे किंचाळले. "कळतंय का तुम्हाला? हरवला होतात."

"मी खंय हरवलंय? मी हयच बसलंय. तुमीच गेलात."

या उत्तरावर मला तरी दुरुस्ती सुचत नाही.

सौ. दळवी म्हणतात, त्यांनी मुद्दाम थांबू दिले. मी शपथेवर सांगतो, ते मावशींना तेथे विसरून गेले होते, कारण त्यांनी माणसे मोजलीच नव्हती. आणि याला मी एकटा साक्षी नाही. दुसरा साक्षीदार खुद्द खांबेटे आहेत. तेथेच, देवळाच्या पायरीवर, त्यांनी फोन काढून गावंडेला लावला.

"गावंडे, खांबेटे बोलतोय. तुझी आई हरवली होती. माझ्या हातून. आता सापडली आहे, बरी आहे, लाडू वाटते आहे. तुला कोणी दुसरं काही सांगितलं तर ऐकू नकोस. बोल तिच्याशी."

यात क्षमायाचना नव्हती. स्वर भांडारात कमी माल आल्याचे कळवण्याचा होता. चंद्राविषयी तेव्हाही ते एक अक्षर बोलले नाहीत. परंतु त्यांनी स्वतः जे एका वाक्यात सांगून टाकले, ते पुसून त्या जागी मंडळाने आपले साजूक तुपातले वाक्य लिहिले, याचा मला संताप आहे. माणूस मेल्यावर त्याची चूकही त्याच्याकडून काढून घ्यायची, हा कुठला आदर?

पुढच्या ईदला सहल निघाली नाही. गुडघे दुखू लागले म्हणून त्यांनी ती बंद केली, असे बर्व्यांनी सांगितले. गुडघे चांगले होते. ते त्यानंतरही रुवीत आपल्या इमारतीचे जिने चढत असत. मी कारण विचारले होते. "टोप्यांवर माझा विश्वास उडाला," ते म्हणाले, "आणि चेहरे मला लक्षात राहत नाहीत." पुढे ते निवृत्त होऊन पुण्याला गेले. मला त्यांची शेवटची म्हणून जी आठवण ठेवायची आहे, ती विमानतळावरच्या निरोपाची नव्हे. तेथे बर्वे हार घेऊन उभे होते.

आठवण त्या तीनचाकीतली आहे. परतताना मागच्या बाकावर मावशी आणि मी बसलो. खांबेटे चालकाच्या शेजारी अर्ध्या जागेवर टेकले, रस्त्याकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी दांडी धरून. मावशींवरून त्यांची नजर हलत नव्हती. पाऊस थांबला होता. एका वळणावर गाडी डोंगराच्या कडेला आली आणि धुके एकदम वर उचलले गेले. मी तीन सहलींत त्या बेटावर जे काही पाहिले, त्यात याच्या तोडीचे दुसरे नव्हते. मी नकळत "अहाहा" म्हणालो असेन.

"पाटणकर," खांबेटे म्हणाले, "काय आहे हो माझ्या मागे?"

"वळून बघा."

"तुम्ही सांगा. नीट सांगा जरा. घरी विचारतात."

मी सांगितले. एखाद्या विद्यार्थ्याला सांगावे तसे, डावीकडून उजवीकडे, काही न सोडता. सांगून झाल्यावर विचारले, "ऐकलंत?"

"हो, हो," ते म्हणाले. "मावशी, हात आत घ्या. पदर चाकात जाईल."

त्यांनी एक शब्द ऐकला नव्हता. त्यांनी तुमच्यापासून काही राखून ठेवले नाही, वहिनी. तुम्हाला द्यायला मागितले, आणि तेही वाटेत सांडले. माझे ते वर्णन त्यांच्यासाठी नव्हतेच, तेव्हा ज्यांचे त्यांना आता पोचते करतो.

डावीकडे चहाचे मळे, भांग पाडल्यासारखे, उतरत उतरत खाली दरीत गेलेले. त्यांत पाठीला टोपल्या बांधलेल्या बायका, लांबून हळदीकुंकवाच्या ठिपक्यांएवढ्या. मध्यभागी काळा, ओला कडा, आणि त्यावरून दोन धारांनी निघून अर्ध्यावर एक होणारा धबधबा. आवाज येथपर्यंत येत नाही. त्याच्यावर धुके, आणि धुक्याच्या फटीतून पलीकडच्या एकाच डोंगरावर पडलेले ऊन. उजवीकडे निलगिरीची उंच झाडे, पानांवरून अजून थेंब गळत असलेली. आणि या सगळ्याच्या पुढे, अगदी जवळ, या सगळ्याकडे पाठ करून बसलेला, निळ्या टोपीतला एक बुटका माणूस. त्याने एका हाताने दांडी सोडली आहे आणि एका म्हातारीच्या लुगड्याचा पदर मुठीत धरून ठेवला आहे.